पुढं मुक्ता, मागं मी

मुक्ते,

तुझ्या घरच्यांनी मला एकही वाईट शब्द ऐकवला नाही. सेलूच्या तुझ्या घरी मी पोचले तेव्हा बाहेर माणसं सतरंजीवर बसली होती, बायका आत होत्या. तुझ्या आईनं मला पाहिलं आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बस माय," म्हणाली. तुझ्या नवऱ्यानं, बालाजीनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी वाट बघत होते, की आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, हिच्यामुळं झालं हे. ही पुण्याहून सारखी फोन करत राहिली नसती, तर आमची मुक्ता सायकल घेऊन पहाटे रस्त्यावर गेलीच नसती. कुणी उठलं नाही. उलट तुझी चुलती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझी तर बहीणच गेली की गं, सुजाता." मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. तसं ऐकून घेणं हीसुद्धा चोरीच वाटली मला.

म्हणून आता तुझ्याशीच बोलते. भांडायचं तर तुझ्याशीच, ही सवय काही आजची नाही.

आपली ओळखही भांडणातूनच झाली होती. शाळेच्या मुलींची शर्यत होती, पाथरीहून सेलूपर्यंत. माझे बाबा तहसिलात कारकून. त्यांनी माझ्यासाठी हलकी, बारीक चाकांची सायकल आणली होती. तू आलीस ती तुझ्या वडलांची काळी दणकट सायकल घेऊन. सीट पार खाली केलेलं, सलवार साखळीत जाऊ नये म्हणून पोटरीशी सुतळीनं बांधलेली. मुली तुझ्याकडं बघून हसत होत्या. शिट्टी वाजली आणि तू जी सुटलीस, ती मागं वळून बघितलंच नाहीस. बाकीच्या कालव्यापर्यंतच गळाल्या. मला समोरचं वारं सहन होईना. तू उंच, रुंद खांद्यांची. तुझ्या चाकाला चाक लावून आले आणि एकदम वारं बंद झालं, कुणीतरी खिडकी लावून घ्यावी तसं. मी तिथंच राहिले. सेलूच्या कापसाच्या जिनिंगचं फाटक दिसल्यावर बाजूला निघाले आणि तुला मागं टाकलं.

सायकल आडवी टाकून तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस.

"ए पोरी, सगळ्या रस्त्यानं माझ्या मागं लपून आलीस तू."

"लपून कशाला येऊ? तूच पुढं होतीस."

"मंग शेवटालाच कशी निघालीस बाहेर?"

मला वाटलं, आता ही मारते. तू माझ्याकडं, मग माझ्या सायकलकडं बघितलंस आणि खदखदून हसलीस. "आसं बी असतंय व्हय सायकलीत! मला कुणी सांगितलंच न्हाई."

पुढं जन्मभर तू तेच केलंस, मला पाठीमागं घेऊन चाललीस. फरक इतकाच की पहिल्या वेळी तुला माहीत नव्हतं.

पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात आपल्या दोघींची निवड झाली तेव्हा तुझ्या वडलांनी एकच विचारलं होतं, "सुजाता बी हाय ना संगं?" माझ्या बाबांनी त्यांना हात जोडून जयभीम केला आणि म्हणाले, "दोघी एकमेकींना सांभाळतील." तुझ्याकडून तू सांभाळलंस.

सायकलच्या लांब शर्यतीत संघ असतो, हे आपल्याकडं कुणाला पटायचंच नाही. माझी आई विचारायची, एक जणच पहिली येणार तर बाकीच्या कशाला पळवायच्या? कोच सरांनी आपल्याला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. सपाट रस्त्यावर माणूस सायकलशी नव्हे, वाऱ्याशी झगडत असतो. पुढच्यानं वारं अंगावर घेतलं की मागच्याचा जोर वाचतो. म्हणून संघातल्या एकीनं पुढं राहून वारं कापायचं, दुसरीनं मागं बसून ताकद राखायची आणि शेवटी सुटायचं. सरांनी दोन-तीन दिवस सगळ्यांना पळवून पाहिलं आणि सांगून टाकलं, "सुजाताला शेवटची झेप आहे. मुक्ताला दम आहे. मुक्ता पुढं." मला वाटलं तू रुसशील. रात्रीच्या जेवणाला तू माझ्या ताटातली पोळी उचललीस आणि म्हणालीस, "उद्यापासून मी ओढणार तुला. म्हणून मला जास्त लागतंय."

तुझ्या मागं बसून मी देश पाहिला, मुक्ते. खरं सांगायचं तर तुझी पाठच पाहिली. ती कधी डुलायची नाही. खड्डा आला की तुझं बोट कमरेमागून खाली दाखवायचं. वळणावर खडी असली तर तळहात उघडा व्हायचा. मी मागं दमले की तुला न बघता कळायचं. एकदा मी विचारलं, कसं कळतं तुला? तू म्हणालीस, "तुझा श्वास फाटला की आवाज येतोय, धोतर फाटल्यावानी." तुझ्या जर्सीच्या मागच्या खिशात शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू असायचा, तुझ्या आईच्या हातचा. भर शर्यतीत तू अर्धा मोडून, हात मागं करून मला द्यायचीस. इतर संघांच्या मुली परदेशी पुड्या फोडून काहीतरी चोखायच्या आणि आपल्याकडं बघायच्या. कोल्हापूरकडची एक तर एकदा शेजारी येऊन म्हणाली, "ए, मला पण दे की." तू तिलाही दिलास. सर जीपमधून ओरडत होते.

पुढं एका सरकारी खात्याच्या संघात आपण दोघी लागलो. मला माझ्या पदकांवर आधी घेतलं. तू बऱ्याच उशिरा आलीस, तेही खालच्या जागेवर. कारण पदक ज्याच्या गळ्यात त्याचं. वारं कापल्याचं कुठं लिहिलं जात नाही. नियम माझा नव्हता, पण त्या नियमाच्या सावलीत मी बसले होते आणि तू नव्हतीस. मी बढतीचे पेढे वाटले तेव्हा तू दोन उचललेस. एक लगेच खाल्लास आणि दुसरा "बालाजीला" म्हणून रुमालात बांधलास. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. मी पेढ्यांचा डबा बाजूला ठेवून तुला मिठी मारायला हवी होती. मी पुढच्या टेबलाकडं वळले.

तुझं सुख आठवायचं म्हटलं की मला ती समुद्राकाठची शर्यत आठवते. आपण पहिल्यांदाच देशाबाहेर गेलो होतो. थंडी अशी की बोटांना ब्रेक कळेना. मोठमोठ्या देशांच्या मुली, त्यांच्या सायकली मी वळून वळून बघत होते. निम्म्या वाटेवर रस्ता समुद्राला लागला आणि आडवं वारं सुटलं. बघता बघता सगळ्यांची फाटाफूट झाली. भल्याभल्या रस्त्याच्या कडेला ढकलल्या जात होत्या. मी डोळे मिटून घ्यायच्या बेतात होते, तर पुढून तुझा आवाज.

"सुजे! हे तर आपल्या कालव्याच्या कडंचं वारं हाय! बस उजव्या अंगाला, चिकटून बस!"

तू हसत होतीस. त्या परक्या रस्त्यावर, दात वाजत असताना, तू घरी असल्यासारखी हसत होतीस. पुढच्या घोळक्यात पोचलो तेव्हा त्यातल्या एका उंच मुलीनं तुझ्याकडं वळून बघितलं आणि मानेनं दाद दिली. शर्यत संपल्यावरही तू तेच सांगत होतीस, "बघितलं ना तिनं? मला बघितलं ना?" मी कितवी आले हे तू विचारलंच नाहीस आणि मीही आज आठवू शकत नाही.

आता त्या दुसऱ्या शर्यतीचं. जिच्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो.

राष्ट्रीय स्पर्धा होती. लांबचा पल्ला, कडक ऊन, शेवटी छोटा चढ. सरांनी तुला मुद्दाम सुरुवातीलाच घोळक्यापुढं पळायला सोडलं होतं, तुझा पाठलाग करून बाकीचे संघ दमावेत म्हणून. तू परत सापडशील असंच सगळे धरून चालले होते. तू सापडलीच नाहीस. अंतर वाढतच गेलं. मुख्य घोळक्यात कुजबुज सुरू झाली, ती परभणीची कुठाय, ती परभणीची अजून पुढंच आहे. तुझ्या समोर कुणीही नव्हतं. ज्या मुलीनं आयुष्यभर दुसरीला मागं घेऊन सायकल चालवली, ती त्या दिवशी एकटी सुटली होती.

आणि माझं चाक पंक्चर झालं.

सरांची जीप आली. चाक बदललं. तोवर घोळका दिसेनासा झाला होता. सरांनी पुढं रस्त्याकडं बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मुक्ताकडं घे." मला कळलं ते काय सांगायला निघालेत. जीप हलली तेव्हा माझा हात तिच्या दारावर होता. मी म्हणू शकत होते, सर, तिला जाऊ द्या. आज ती जिंकेल. मी म्हणाले नाही. दम लागला होता हे खरं, पण तेवढे शब्द बोलण्याइतका श्वास माझ्यात होता.

एका वळणावर तू दिसलीस. सायकलवरच, एक पाय जमिनीला टेकवून उभी. तोंडात केळं. घोळका तुझ्यासमोरून निघून गेला होता. मला बघून तू साल फेकलंस.

"किती उशीर गं! चल, लाग मागं."

त्यानंतर तू जे ओढलंस तसं मी कधी कुणाला ओढताना पाहिलं नाही. घोळका गाठलास. घोळक्याच्या कडेनं मला पुढं नेलंस. चढाच्या तोंडाशी आणून बाजूला झालीस आणि ओरडलीस, "जा!" मी गेले. मी जिंकले. माझा पेपरात फोटो आला, हात वर केलेला. तू सगळ्यांच्या शेवटी, सायकल गल्लीतून फिरवावी तशी सावकाश आलीस आणि आधी पाण्याची बाटली मागितलीस.

बसमध्ये मी रडत होते. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होतीस.

मी तुला किती वेळा विचारलं असेल! तू जिंकली असतीस ना त्या दिवशी? आधी तू म्हणायचीस, "सरांनी सांगितलं, थांबले. त्यात काय?" मग एकदा, तुझ्या हळदीच्या दिवशी, अंगभर पिवळी होऊन बसली होतीस तेव्हा मी पुन्हा तेच काढलं आणि तू हळूच म्हणालीस, "खरं सांगू का? माझे पाय संपले होते, सुजे. घोळक्यानं मला धरलंच असतं. सर आले तवा मला सुटल्यावानी झालं."

"खोटं बोलतीस. पाय संपलेली बाई मला तेवढं ओढील?"

"दुसऱ्याला ओढायला येगळे पाय असतेत," म्हणालीस आणि बायकांकडं तोंड फिरवलंस.

हे खरं की माझी समजूत घालायला सांगितलेलं, ते मला आजही ठाऊक नाही. आणि आता ते कधीच कळणार नाही. तुझ्या जाण्यानं माझ्यापासून काय काय हिरावलं, त्यात ही एक हलकट गोष्टही आहे, की माझी सुटका करू शकणारं एकमेव माणूस गेलं.

मग तुझा खांदा मोडला. पावसाळी शर्यतीत उतारावर कुणीतरी आडवं आलं आणि तू पडलीस. हाड जुळलं, पण हात वर गेला की दुखायचा. तू सहज सोडून दिलंस, निदान दिसायला सहज. परभणीच्या कार्यालयात बदली घेतलीस, बालाजीच्या शाळेतल्या नोकरीसाठी सेलूत घर केलंत, रेल्वेनं जाऊ-येऊ लागलीस. ईश्वरी झाली. मी पुण्यात राहिले, शर्यती खेळले, मग संघाची प्रशिक्षक झाले. मुलींना शिकवताना मी तुझीच वाक्यं बोलायचे. त्यांना वाटायचं, मॅडमची आहेत.

प्रौढांच्या गटाची शर्यत होणार हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. दोघींच्या जोडीची शर्यत होती. मी तुला फोन केला.

"मुक्ते, आपण खेळायचं. आणि या वेळी मी पुढं. तू मागं बसायचं, शेवटी सुटायचं. तू जिंकायचं."

तू बराच वेळ हसलीस. "ह्या वयात चड्डी घालून सेलूच्या रस्त्यानं निघू व्हय? विद्यार्थी बालाजीला शाळेत टिकू देतील का?"

मी सोडलं नाही. परत फोन, परत फोन. एका फोनवर तू चिडलीस, ते मी आता रोज ऐकते.

"सुजे, तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी सायकल चालवू का? तू सारखं म्हणतीस, तुझं गेलं, तुझं गेलं. म्हंजे मी जे केलं ते काहीच न्हवतं व्हय? माझं काम लय चांगलं जमायचं मला. तुला त्याची लाज कामून वाटायली?"

मी काहीतरी बोलले. मी तुझं म्हणणं ऐकलं नाही, हे खरं. मला तुझं म्हणणं ऐकायचंच नव्हतं. मला माझ्या छातीवरचं ओझं उतरवायचं होतं आणि त्यासाठी तू सायकलवर बसायला हवी होतीस. मी संघाची एक चांगली जुनी सायकल नीट करून घेतली आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीवर घालून तुझ्याकडं पाठवून दिली. न विचारता. चांगल्या सायकलपुढं तुझं चालत नाही, हे मला माहीत होतं.

आणि तसंच झालं. आठवड्यानं सकाळी तुझा फोन आला. धापा टाकत होतीस.

"कालव्यापतूर जाऊन आले! पाय थरथरायलेत, पण गेले!"

त्यानंतर तुझे फोन यायला लागले. पूर्वी मी करायचे, आता तू. गावाकडनं सासूबाई आल्यात, म्हणायलेत वरून ओढणी घे, मी म्हणलं वारं भरतंय तिच्यात. रस्त्यानं ऊसतोडीच्या बैलगाड्या जायलेत, त्यातल्या बाया हात करतेत. खांदा दुखत न्हाई आता. ईश्वरीनं आज मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला, मी लय जाड दिसायले. मुक्ते, ते तुझे दोन-तीन महिने सुखाचे होते. बालाजीसुद्धा म्हणतो, भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती. मी तो आनंद हातात धरून बघते आणि स्वतःला म्हणते, हेही तूच दिलंस तिला, सुजाता. पण लगेच दुसरा हात दिसतो, तुझं मरण धरलेला.

त्या रविवारी मी यायची होते. आपण सेलूहून पाथरीकडं निघणार होतो, मी पुढं आणि तू मागं, पहिल्यांदाच. तू कुरकुर करत होतीस, "तुझ्या मागं बसून मला रस्ताच दिसायचा न्हाई." शनिवारी दुपारी माझ्या कार्यालयानं संघाच्या निवडीची बैठक रविवारी ठेवली. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "येशील की पुढच्या रविवारी. मी एकलीच जाऊन येते." इतकंच. तुझ्या मागं स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास.

पहाटे कालव्याजवळ धुकं होतं. पिकअप मागून आली. रस्त्याच्या कडेच्या शेतातल्या माणसांनी तुला उचललं, गाडी केली, परभणीला निघाले. तू वाटेतच गेलीस. बालाजीनं मला बैठकीत फोन केला. मी आवाज न करता उठून बाहेर आले आणि जिन्यात बसले. आतून मला कुणीतरी हाक मारत होतं, कोणती मुलगी घ्यायची म्हणून.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटीपालटी करते. मी आले असते तर? मी पुढं असते आणि तू मागं. गाडी मागून आली. म्हणजे मी आले असते तरी गेली असतीस ती तूच. आणि आपण जुन्याच पद्धतीनं चाललो असतो, पुढं मुक्ता, मागं मी, तर? तर तू आज घरी असतीस आणि माझ्यासाठी माणसं जमली असती. मला तुला मागं बसवायचं होतं. किती हौसेनं! मी संघातल्या मुलींना हे सांगू शकत नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले असा विचार करू नका. तू असतीस तर शिवी दिली असतीस. त्या शिवीसाठी मी काहीही देईन.

परवा मी पुन्हा सेलूला गेले. दिवस होऊन गेले होते, पाहुणे पांगले होते. घरात बालाजी, ईश्वरी आणि त्यांच्यासाठी थांबलेली तुझी आई. दुपारचं जेवण झालं. तुझ्या आईनं मला आग्रहानं दुसरी भाकरी वाढली, मी खाल्ली. मग बालाजीनं जरा अडखळत विचारलं, "ताई, एक विचारू का? मी तिला शर्यतीत कधी बघितलंच न्हाई. आमचं जमलं तवा तिचं संपतच आलं होतं. लोक येऊन म्हणायलेत, लय मोठी खेळाडू होती. पण घरात तर तिचं एकटीचं पदक न्हाई. ती नेमकं करायची काय?"

मुक्ते, तुझ्या नवऱ्याला ते माहीत नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस.

मी ईश्वरीला म्हणाले, टेबलफॅन आण. तिनं माळ्यावरून काढवून घेतला. मी तो जमिनीवर ठेवून मोठा केला आणि तिला समोर उभं केलं. तिचे केस उडायला लागले. मग बालाजीला तिच्यापुढं उभं राहायला सांगितलं. केस खाली बसले.

"लागतंय का वारं?"

"न्हाई."

"पप्पांना लागतंय. तुझी आई हे करायची. डोंगरात, उन्हात, पावसात, परदेशात. माझ्यासाठी."

पोर बापाच्या पाठीला नाक लावून तशीच उभी राहिली. बालाजी हलेना. पंखा त्याच्या शर्टात शिरून शर्ट फडफडवत होता आणि तो तोंड पुसत होता.

मग मी बसले आणि सांगत गेले. तुझी न डुलणारी पाठ, बोटांच्या खुणा, समुद्राकाठचं वारं, ती उंच मुलगी. तुझी आई लाडवांचं ऐकून हसली. "दुसऱ्यांच्या पोरींलाबी वाटायची व्हय? तरीच पुरायचे न्हाई." सांगता सांगता मी त्या राष्ट्रीय शर्यतीपाशी आले. टाळू शकले असते. टाळलं नाही. तू एकटी पुढं होतीस, माझं चाक गेलं, जीप तुझ्याकडं गेली, मी काही बोलले नाही, तू थांबलीस, मी जिंकले. सगळं, जसं घडलं तसं, त्या तिघांच्या तोंडाकडं बघत सांगितलं.

तुझी आई म्हणाली, "आमाला तिनं एवढंच सांगितलं व्हतं. सुजीनं शर्यत मारली म्हणून. गावात साखर वाटली व्हती आमी."

मला वाटलं, आता येईल तो शब्द. इतक्या दिवसांनी का होईना, आता ही बाई मला म्हणेल काय म्हणायचं ते. मी तयार होते. मी त्यासाठीच तिथं गेले होते बहुतेक.

तिनं पदरानं डोळे टिपले आणि माझ्याकडं वळली.

"तू येईस्तोवर ती उभी व्हती म्हणतीस. उन्हात व्हती का सावलीला?"

मी डोळे मिटून ते वळण आठवलं. तू, सायकल, पाय टेकलेला, केळं. झाड होतं का? नव्हतं. डांबर चमकत होतं. तुझी सावली अगदी तुझ्या पायाखाली होती, मुक्ते, एवढीशी.

"उन्हात, मावशी."

तिनं मान हलवली. "टोपी तरी व्हती का डोक्याला?" तिनं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ताटं गोळा करायला लागली.

इतकी वर्षं मी तुला एकच विचारत आले, तू जिंकली असतीस का. किती प्रकारांनी विचारलं, किती छळलं तुला. आणि तू तिथं माझी वाट बघत उभी होतीस तेव्हा तुला काय होत होतं, ते एकदाही विचारलं नाही. तुझ्या आईला पहिलं तेच सुचलं.

आज विचारते. ऊन लय होतं का गं?